बाबासाहेबांची कॉलेजातील पहिली वर्षे

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडेही एक लेख मागितला. मी सातवी शिकलेली बाई. एखादी पाककृती लिहून द्यावी आणि सुटावे, असा माझा विचार होता. परंतु यंदाच्या जून-जुलैत आपल्या मंडळातील पाच-सहा भगिनींची मुले प्रथमच घर सोडून कॉलेजच्या वसतिगृहात राहावयास गेली, आणि तेव्हापासून भजनाच्या दिवशीसुद्धा आपल्यात बोलणे होते ते तेवढ्याच एका गोष्टीचे. कोणाच्या मुलाला तिथले जेवण जात नाही, कोणाची मुलगी रात्री फोनवर रडते, कोणाला वर्गात शिकविलेले कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. एक मुलगा तर पंधरा दिवसांत गादी गुंडाळून परत आला. हे ऐकताना मला सारखी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राची आठवण होई. ते आमच्या घरी आहे आणि मी ते दोनदा वाचले आहे. घटनेचे शिल्पकार म्हणून, महाडच्या तळ्याचा सत्याग्रह करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु तेही एके काळी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते, आणि एकदा नव्हे तर दोनदा. एकदा मुंबईत आणि एकदा सातासमुद्रापलीकडे. त्या दोन वर्षांविषयीच मुख्यत्वे लिहावे असे मी ठरविले.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत. आई भीमाबाई यांचे हे चौदावे अपत्य. भीमराव पाच-सहा वर्षांचे असतानाच आई वारली आणि पुढे मीराबाई आत्याने मुलांना सांभाळले. आत्या स्वतः पाठीने अधू होत्या, तरी त्यांनी त्या आईवेगळ्या मुलांना उणे पडू दिले नाही.

साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर स्वतः नळ सोडण्याची परवानगी नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतावे आणि त्यांनी ओंजळ धरावी. शिपाई जागेवर नसला तर त्या दिवशी पाणी नाही. ही पाण्याची गोष्ट सर्वांनी लहानपणी पुस्तकात वाचलेली असते म्हणून आपण ती पटकन ओलांडून जातो. मला मात्र नेहमी वाटते, की संध्याकाळी लेकरू कोरड्या घशाने घरी येई तेव्हा त्या आत्याच्या जीवाला काय होत असेल!

पुढे हे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीत त्यांची एकच खोली होती. तीच स्वयंपाकाची, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. उशाशी जाते आणि पायथ्याशी बांधलेली शेळी! अशा जागेत अभ्यास व्हावा म्हणून रामजीबाबांनी एक युक्ती काढली होती. मुलाने लवकर निजावे, बापाने रात्री दोन वाजेपर्यंत जागत बसावे, मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः अंग टाकावे. त्या वेळी सारी चाळ निजलेली असे. मग भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसत.

पुस्तकांचे वेड त्यांना तेव्हापासूनचे. क्रमिक पुस्तकांखेरीज इतर पुस्तकेही हवी असत. वडिलांजवळ पैसे नसले म्हणजे ते आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्या अंगावरचा एखादा दागिना मागून आणीत, मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पेन्शन आली की सोडवून परत करीत. सुभेदारांच्या या जिद्दीचे सर्वजण कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. परंतु सासरी नांदणाऱ्या त्या मुलींनी अंगावरचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी उतरवून दिला, त्यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. सासरच्या माणसांना त्यांनी काय सांगितले असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून त्यांनी फारशी घेतली. तिथली एक हकीकत अशी, की शिक्षकांनी त्यांना एकदा फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलाविले, तेव्हा वर्गात एकच धावपळ उडाली. फळ्यामागे इतर मुलांचे फराळाचे डबे ठेवलेले असत. हा मुलगा फळ्याजवळ गेला तर डबे विटाळतील म्हणून जो तो आपला डबा उचलावयास धावला. डबे निघाल्यावर मग फळ्याला हात लावण्याची मुभा मिळाली. त्या डब्यांत आयांनी पहाटे उठून केलेली पोळीभाजीच असणार. आपले अन्न दुसऱ्याच्या लेकराच्या अपमानाला कारण होत आहे, हे त्या माऊल्यांना कळलेही नसेल; आणि कळले असते तरी त्या काळी त्यांना त्यात वावगे वाटले असते की नाही, कोण जाणे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण पडले. हा आकडा मी मुद्दाम लिहिला आहे. आजकाल आपल्याकडे नव्वद टक्के मिळाले तरी मुलाचे तोंड उतरलेले असते! परंतु महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही त्या दिवसांत एवढी मोठी गोष्ट होती, की त्याबद्दल अभिनंदनाची सभा भरली. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. हेच गुरुजी पुढे मोठे उपयोगी पडले.

याच सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू दापोलीजवळच्या वणंदची, वय अवघे नऊ-दहा वर्षांचे. लग्न लागले भायखळ्याच्या बाजारात. दिवसाची विक्री आटोपून कोळणी निघून गेल्यावर रात्री त्याच जागी एका बाजूस वराकडची व दुसऱ्या बाजूस वधूकडची मंडळी बसली. दगडी ओट्यांचीच बाके झाली आणि पायांखालून गटाराचे पाणी वाहत होते. सकाळी बाजार भरण्यापूर्वी जागा मोकळी करावयाची होती. ही वधू म्हणजेच रमाबाई.

१९०८ साली भीमराव काळ्या घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले. हे त्यांचे कॉलेजातील पहिले वर्ष. शाळा सुटली, आता मोठ्या माणसांत आलो, तर सगळे निराळे असेल, असे कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला वाटते. त्यांनाही वाटले असेल. परंतु कॉलेजच्या आवारातला हॉटेलवाला त्यांना चहा देईना, आणि पाणीही देईना. साताऱ्याचा तो नळ जणू त्यांच्या पाठोपाठ मुंबईच्या कॉलेजात आला. परळहून एवढ्या लांब यावे, दिवसभर तास करावेत आणि घोटभर चहाला मोताद व्हावे! आपल्या मुलांच्या कँटीनच्या तक्रारी ऐकताना मला हा हॉटेलवाला आठवतो. तक्रार करू नये असे माझे म्हणणे नाही, पण आठवतो खरा.

मात्र सगळीच माणसे सारखी नसतात. मुल्लर नावाचे एक प्राध्यापक होते. ते भीमरावांना वाचावयास आपली पुस्तके देत आणि कपडेही देत. सुरुवातीचा खर्च रामजीबाबांनी कसाबसा ओढला. इंटरच्या पुढे मात्र गाडी अडली. तेव्हा केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. महाराजांनी भीमरावांना भेटीस बोलावले, काही प्रश्न विचारले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारावर १९१२ साली ते बी. ए. झाले. त्याच वर्षी डिसेंबरात मुलगा यशवंत जन्मला.

१९१३ च्या जानेवारीत ते बडोद्याच्या नोकरीवर गेले. वडिलांना ही नोकरी पसंत नव्हती असे म्हणतात. पंधरा-वीस दिवस गेले असतील-नसतील तोच वडील आजारी असल्याची तार आली. निघाले. वाटेत सुरतेच्या स्टेशनावर वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून खाली उतरले, आणि तेवढ्यात गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मुंबईस पोचले तो बाबा शेवटच्या घटका मोजीत होते. मुलाला पाहण्यासाठीच जणू प्राण थांबला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले. दोन वाजेपर्यंत जागून मुलाला उठविणारा बाप गेला. ती मिठाई कोणी खाल्ली असेल, हा वेडा विचार प्रत्येक वेळी माझ्या मनात येतो.

त्यानंतर सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस उच्च शिक्षणासाठी पाठविण्याचे ठरविले. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यास करारावर सही झाली, की ठरविलेल्या विषयांचाच अभ्यास करीन आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पौंडाचा भाव तेव्हा १५ रुपये होता, म्हणजे महिन्याचे पावणेदोनशे रुपयांच्या आतबाहेर झाले. घरी मागे कोण, तर सोळा वर्षांच्या आतबाहेरची रमाबाई, तिच्या मांडीवर सहा महिन्यांचा यशवंत, आणि थोरल्या भावाचा संसार. सासऱ्यांचे छत्र जाऊन पुरते पाच महिनेही झाले नव्हते.

भीमराव जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात उतरले. आणि काय गंमत पाहा! जन्मभर ज्याला कोणी आपल्या पंगतीला बसू दिले नाही, त्याला येथे सर्वांच्या बरोबरीने टेबलावर जागा मिळाली, तर पानातले अन्न त्याला जाईना. जेवणात गोमांस असे, तेही धड शिजविलेले नसे. आठवड्याभरातच त्यांनी ती जागा सोडली आणि कॉस्मोपॉलिटन क्लब म्हणून दुसरे ठिकाण होते तेथे राहावयास गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात आले. एका वर्षाच्या आत तीन जागा. आपल्या मुलांनी खोली बदलून मागितली की आपण लगेच त्यांना हट्टी म्हणतो.

त्यांच्या खाण्यापिण्याचा हिशेब चरित्रात दिला आहे. एक कप कॉफी, दोन मफिन म्हणजे एक प्रकारचे छोटे केक, आणि मांसाचा किंवा मासळीचा एक पदार्थ, याला १ डॉलर १० सेंट पडत. शरीर धिप्पाड, भूक दांडगी, पण एवढ्यावरच भागवीत. मी हा हिशेब पुढे करून पाहिला. साडेअकरा पौंडांचे त्या वेळच्या भावाने ५६ डॉलर होतात. दिवसातून एकदाच असे जेवण घेतले तरी महिन्याचे ३३ डॉलर झाले. राहिले २३. त्यांत राहणे, कपडालत्ता, पुस्तके, आणि त्यातूनच मुंबईस रमाबाईंना पाठवावयाचे. महिनाअखेरीचा हिशेब घालणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हे विचारावे. दुसऱ्या वेळेचे जेवण कुठून यायचे?

तरीही हे वर्ष त्यांना फार सुखाचे गेले. याचे कारण जेवणात नव्हते. तेथे त्यांना कोणी जात विचारीत नव्हते. विद्यार्थ्यांबरोबर ते बसत, उठत, चालत, त्यांच्याबरोबर स्नानगृहात जात. मांडीवर स्वच्छ रुमाल पसरून ठरलेल्या वेळी चार माणसांत बसून जेवणे, ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते! त्यांच्या आयुष्यात ती बाविसाव्या वर्षी आली. साताऱ्याचे गोणपाट, फळ्यामागचे डबे, एल्फिन्स्टनचा हॉटेलवाला, हे सारे मागे राहिले. घरापासून दूर गेलेल्या मुलाला घरची ओढ लागते, परके वाटते. त्यांना उलट आपल्याच देशात परके वाटत आले होते, आणि परक्या देशात प्रथमच माणसांत आल्यासारखे वाटले. अमेरिकेत तरी सगळे सारखे होते असे नव्हे. तेथे काळ्या लोकांना वेगळे वागविले जाई. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी त्या लोकांचे पुढारी डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या प्रश्नांची माहिती मागविली होती. परंतु विद्यापीठाच्या आवारात भीमरावांच्या वाट्याला बरोबरीची वागणूक आली, एवढे खरे.

अशा सुखात माणूस घरचे विसरतो. भीमराव विसरले नाहीत. तिकडे पोचून पुरता महिनाही झाला नसेल, तोच ऑगस्टच्या आरंभी त्यांनी आपल्या वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. आईबाप मुलाला नुसता जन्म देतात असे नाही, त्याच्या आयुष्याला वळणही देऊ शकतात, असे त्यात आहे. आणि मुलांबरोबर मुलींनाही शिकविले तर आपल्या लोकांची प्रगती किती झपाट्याने होईल, हेही त्यात आहे. हा विचार जवळच्या माणसांत पसरवा असे त्यांनी त्या गृहस्थांस विनविले. बावीस वर्षांचा मुलगा, परक्या मुलखात नवखा, जेवण रुचत नाही, खोलीचा ठिकाणा नाही, आणि पत्र लिहितो ते इकडच्या मुलींच्या शाळेबद्दल. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. माझी शाळा सातवीला सुटली ती धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी. आमच्या घरी असे पत्र कोणाचे आले नाही.

अभ्यासाचे म्हणाल तर त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. सेलिग्मन हे त्यांचे प्राध्यापक, आणि जॉन ड्यूई यांच्यासारखे जगप्रसिद्ध तत्त्वज्ञ तेथे शिकवीत. शिकण्याची संधी अशी, की कुठून सुरुवात करावी तेच कळू नये. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद विद्यापीठात आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्राथमिक एकेक. परीक्षेला लागेल तेवढेच वाचावे हा हिशेब त्यांच्याजवळ नव्हता. दिवसाचे अठरा-अठरा तास अभ्यास चाले. चाळीत पहाटे दोनला उठून वाचणाऱ्याला येथे दिवा होता, टेबल होते, शांतता होती, आणि पायथ्याशी शेळी नव्हती. रिकामा वेळ मिळाला की जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडावे आणि अर्धपोटी राहून वाचविलेल्या पैशांतून पुस्तके घ्यावीत. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जमविली. ती एका ओळखीच्या माणसाबरोबर इकडे पाठविण्याची व्यवस्था केली, पण त्यांतली बरीचशी गहाळ झाली.

लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचा पारशी विद्यार्थी त्यांच्या सोबतीला होता. तेथे जमलेली मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनला अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करावयाचे होते तेव्हा पैशाच्या अडचणीत याच भथेनांनी त्यांना हात दिला. पहिल्या वर्षात मुलाला दुसरे काही मिळाले नाही तरी चालेल, एक असा मित्र मिळावा. लंडनच्या त्या दिवसांतही पोटाचे हाल होतेच. एका स्नेह्याने दिलेले पापड रात्री दहाला भूक लागली की चार-चार भाजून खात आणि पुढे वाचीत बसत. मुंबईहून लंडनला गेलेले ते पापड कोणाच्या हातचे होते, याची नोंद मात्र नाही.

आता इकडे रमाबाईंचे. त्यांच्या त्या वर्षाबद्दल चरित्रांतून फार थोडे लिहिलेले आहे. नवऱ्याने तिकडून पाठविलेल्या पैशांत आणि दिरांच्या कमाईत परळच्या चाळीत त्यांनी दिवस काढले. त्यांना पाच मुले झाली. त्यांतला एकटा यशवंत वाचला, बाकीची चार लहानपणीच गेली. नवरा पुस्तकांत असताना घरातली दुखणी, उसनवार आणि लेकरांची मरणे त्या बाईच्या अंगावर आली. कोलंबियातल्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडावयाचा, तर त्यात हेही मांडावयास हवे असे मला वाटते. बाबासाहेबांनी स्वतः ते मांडले आहे. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीस अर्पण केला आहे. रामू म्हणजे रमाबाई. तो ग्रंथ निघाला तेव्हा त्या हयात नव्हत्या.

१९१५ साली भीमराव एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात हिंदुस्थानातील जातींविषयीचा त्यांचा निबंध त्यांनी तेथे वाचला. जिथे त्यांना कोणी जात विचारली नाही, तिथेच बसून त्यांनी जातीचा उगम शोधला. त्याच वर्षी डॉक्टरच्या पदवीचा प्रबंध पुरा करून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून ऑगस्ट १९१७ मध्ये परत मुंबईस आले आणि कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर रुजू झाले.

पुढची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पार पुसून टाकली होती, असे ते सांगतात. बडोद्याच्या स्टेशनावर उतरल्यावर, आता जावे कुठे, हा प्रश्न समोर उभा राहिला आणि ती जाणीव परत आली. हिंदूंच्या कोणत्याही खानावळीत जागा मिळण्यासारखी नव्हती. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. कचेरीतले शिपाई लांबून कागद फेकीत. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले पारशांचे टोळके धर्मशाळेत शिरले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. ओळखीचा एक हिंदू व एक ख्रिस्ती, दोघांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही काहीतरी कारण सांगून टाळले. रात्रीच्या गाडीला वेळ होता तोवर कामाठी बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले. डोळ्यांना धार लागली होती. भथेनाही पारशी आणि काठ्या घेऊन आलेलेही पारशी. माणूस कुठे शिकतो आणि कोणाबरोबर राहतो याने केवढा फरक पडतो!

त्यानंतरचे त्यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. लंडनला परत जाऊन ते डी. एससी. आणि बॅरिस्टर झाले. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. साताऱ्यात वरून ओतलेले पाणी धरणारी तीच ती ओंजळ. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिला हजारो बाया आल्या होत्या, आणि मुलींना शिकवा व त्यांच्या लग्नाची घाई करू नका, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले. न्यूयॉर्कहून लिहिलेले ते पत्र तोवर एकोणतीस वर्षांचे झाले होते. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय. याच काळात घटना झाली. हिंदू कोड बिल अडले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निर्वाण झाले.

त्याआधीची एक गोष्ट मात्र सांगावयाची राहिली. ५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची एल्‌एल. डी. पदवी दिली. त्यासाठी ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले. हार्टले हॉल, लिव्हिंग्स्टन हॉल तिथेच उभे होते. एकोणचाळीस वर्षांपूर्वी याच आवारात एक काटकुळा पगार जपून वापरणारा विद्यार्थी एक कप कॉफीवर वेळ मारून नेत होता. रमाबाईंना जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती. त्यांचे निधन २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात झाले. परळच्या एका खोलीतून निघून पुस्तकांसाठी मुद्दाम बांधलेल्या त्या घरात त्यांना जेमतेम काही वर्षे राहावयास मिळाले.

आपल्या मंडळातला जो मुलगा गादी गुंडाळून परत आला होता, तो गणपतीनंतर पुन्हा वसतिगृहात गेला. जाताना आईने त्याला पापडांचा डबा दिला आहे.